पुढची पक्की, मागची दुमडती: एम४ कार्बाईनच्या साईटचं प्रकरण

अमेरिकन सैन्याच्या एम४ कार्बाईनचे २००० नंतरचे फोटो काढून बघा. बहुतेक फोटोंत नळीवर त्रिकोणी आकाराची उंच फोरसाईट, म्हणजे नेम धरायची पुढची साईट, उभी दिसेल. ती दुमडत नाही, सरकत नाही, अवजारं घेऊन बसल्याशिवाय निघतही नाही. मागे, रेड डॉटच्या (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या नेमयंत्राच्या) पाठीशी, रेलवर म्हणजे वरच्या खाचांच्या पट्टीवर दुसरी बुटकी साईट आडवी पडलेली असते आणि लागेल तेव्हा अंगठ्याने उभी करता येते. एकाच रायफलवर पुढची साईट पक्की, मागची दुमडती. नवख्याला हे अर्धवट सोडलेलं काम वाटतं. दुमडायच्या तर दोन्ही दुमडा, नाहीतर दोन्ही पक्क्या ठेवा, असं त्याचं म्हणणं असतं.

मला ते अर्धवट वाटत नाही. पक्की की फोल्डिंग हा प्रश्न साईटच्या जोडीला मिळून विचारला की उत्तर चुकतं. पुढच्या टोकाला आणखी काय काय जोडलेलं आहे, आणि मागच्या टोकाची जागा दुसऱ्या कोणाला हवी आहे, हे वेगवेगळं विचारावं लागतं. एम४ वर ते तसं विचारलं गेलं, म्हणून हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. पुढे तेच उत्तर कुठे अपुरं पडलं, तेही त्यातच दिसतं.

जागेचा पेच

मुळापासून सुरुवात करू. युजीन स्टोनर यांनी आर्मालाईटमध्ये १९५० च्या दशकात एआर-१५ ची मांडणी केली, तेव्हा दस्ता नळीच्या सरळ रेषेत ठेवला. धक्का सरळ खांद्यात यावा आणि नळीचं तोंड वर उडू नये, हा हेतू. पण दस्ता सरळ असला की गाल जवळजवळ नळीच्या रेषेवर टेकतो आणि डोळा तिच्या बराच वर राहतो. त्यामुळे साईटही वर न्यावी लागली, नळीच्या मध्यापासून साधारण ६५ मिलिमीटर. मागची साईट उचलायच्या मुठीत, म्हणजे कॅरी हँडलमध्ये बसली आणि पुढची त्या उंचीला पोचण्यासाठी मनोऱ्यासारखी उभी राहिली. ती उंच फोरसाईट आहे ती या गरजेपोटी.

याच एआर-१५ च्या सैनिकी आवृत्त्यांवर, एम१६ए१ आणि एम१६ए२ वर, निवडीचा प्रश्नच नव्हता. दोन्ही साईट रायफलच्या अंगाचाच भाग होत्या. प्रश्न आला तो सपाट पाठीच्या रिसीव्हरबरोबर, म्हणजे रायफलच्या मधल्या मुख्य पेटीबरोबर. एम१६ ची आखूड आवृत्ती असलेली एम४ अधिकृतपणे १९९४ मध्ये दाखल झाली, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये पिकाटिनी रेलचं मानक, मिल-एसटीडी-१९१३, ठरलं. आता कॅरी हँडल दोन स्क्रू सैल करून काढता येत होतं आणि त्या जागी दुर्बीण किंवा रेड डॉट थेट रिसीव्हरवर बसवता येत होता. त्याच दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या एमपॉईंट कंपनीचा रेड डॉट एम६८ या नावाने अमेरिकन सैन्यात आला.

पेच इथे पडला. रेड डॉटसाठी हँडल काढायचं, तर मागची साईट हँडलबरोबरच जाते. ठिपका विझला तर जवानाकडे फक्त पुढची पोस्ट, म्हणजे फोरसाईटमधली उभी काडी, उरते. हँडल ठेवायचं, तर रेड डॉट त्याच्या पुढे गूजनेक नावाच्या वाकड्या माऊंटवर बसवावा लागतो. तसे माऊंट वापरलेही गेले. ते चालायचे, पण डॉट उंच जायचा आणि गाल दस्त्यावरून उचलून हनुवटी टेकवावी लागायची. गाल दर वेळी त्याच जागी टेकणं हा नेमबाजीचा पाया आहे. तोच सुटत असेल तर महागड्या काचेचा उपयोग किती?

मागची साईट: इथे फार विचार करावा लागत नाही

मागच्या बाजूला एक वाट अशी होती की हँडलचा साईटपुरता भाग ठेवून बाकीचा कापून टाकावा आणि ती छोटी पक्की साईट रेलवर कायम उभी ठेवावी. अशा साईट बाजारात आल्या, आजही मिळतात. एकट्या रेड डॉटबरोबर त्या निभावतात. पण डोळ्यासमोर, अगदी जवळ, सतत एक भोक आणि त्याभोवती धातूची कड असते. रेड डॉटचा खरा फायदा दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे बघण्यात आहे, आणि ती कड नेमकी तिथे आड येते. रात्री हेल्मेटवर नाईट व्हिजन लावून बघताना तर जास्तच.

याहून ठोस कारण जागेचं. ट्रिजिकॉनची ४ पटींची एकॉग दुर्बीण, जी मरीन कोअरने मोठ्या प्रमाणावर घेतली, तिची टीए३१ ही आवृत्ती डोळ्यापासून जेमतेम ३८ मिलिमीटरवर असावी लागते. म्हणजे तिचं मागचं टोक रिसीव्हरच्या पार मागे येतं. तिथे उभी साईट बसतच नाही. दुमडलेली मात्र दुर्बिणीच्या पोटाखाली सरकते.

म्हणून मागे फोल्डिंग आली. स्पेशल फोर्सेसच्या सॉपमॉड या जोडसाहित्याच्या संचात नाईट्स आर्मामेंटची दुमडती मागची साईट होती. सैन्याच्या एम४ वर मेटेक कंपनीची साईट रूढ झाली. ती हातात घेतली तर रचना लगेच कळते. अंगठ्याने टोक वर ढकललं की साईट उभी राहते. बाजूला एक छोटी दांडी आहे, ती फिरवली की २०० ते ६०० मीटरपर्यंतच्या खुणांवर भोक वरखाली होतं. कॅरी हँडलवर जे काम चक्री करायची, ते इथे दांडी करते. जवानाला शिकवलेली झिरो करायची, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून घ्यायची, रीत बदलावी लागली नाही: साईट ३०० वर ठेवायची, २५ मीटरवर झिरो करायचं.

पुढची साईट: खरं प्रकरण इथे आहे

पुढच्या त्रिकोणाला आपण साईट म्हणतो, पण साईट हे तिचं एक काम. तिच्या बुडाशी गॅस ब्लॉक आहे: नळीतल्या भोकातून येणारा वायू तिथेच वळून नळकांड्यातून मागे जातो आणि बोल्ट चालवतो. खाली संगिनीचा खुंट, पट्ट्याची कडी, हँडगार्डची (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणाची) पुढची टोपी अडकवायची जागा, सगळं त्या एकाच घडीव पोलादी तुकड्याभोवती. तो नळीवर दोन निमुळत्या पिनांनी ठोकलेला असतो. पिना एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. काढताना बारीक बाजूनेच ठोकायच्या. उलट बाजूने हाणलं तर पाचरीसारख्या आणखी घट्ट बसतात. ज्याने कधी त्या काढल्या आहेत त्याला 'पक्की' म्हणजे किती पक्की, ते सांगावं लागत नाही.

हा तुकडा दुमडता करायचा म्हणजे गॅस ब्लॉक वेगळा, साईट वेगळी, पट्ट्याची सोय वेगळी. एका रायफलवर हे काम एका दुपारचं आहे. लाखो रायफलींच्या ताफ्यावर तोच निर्णय नवे सुटे भाग, नवी प्रशिक्षणं, नव्या तपासण्या घेऊन येतो. आहे ते ठेवण्यात सैन्याची सोय होतीच, पण सोय सोडली तरी पक्क्या फोरसाईटच्या बाजूने तीन गोष्टी उरतात आणि मला त्या महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट मिलिमीटरची. एम१६ए२ वर दोन साईटमधलं अंतर सुमारे ५०१ मिलिमीटर असतं, एम४ वर सुमारे ३६८. पुढची पोस्ट अर्धा मिलिमीटर बाजूला गेली तर एम१६ए२ ची गोळी १०० मीटरवर १० सेंटिमीटर सरकते, एम४ ची जवळजवळ १४. म्हणजे कार्बाईन आखूड असल्यामुळे साईटच्या ढिलेपणाला कमी माफ करते. बिजागरीत ०.१ मिलिमीटरचा खेळ असला, जो बोटाला धड जाणवतही नाही, तरी १०० मीटरवर पावणेतीन सेंटिमीटर गेले. चांगली फोल्डिंग साईट एवढा खेळ ठेवत नाही. पण रायफल ट्रकमधून पडते, दारावर आपटते, कोणीतरी तिच्यावर पाय देतो. हे सगळं सोसून नळीवर ठोकलेला पोलादी त्रिकोण जिथल्या तिथे राहतो, बिजागरीबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. समजा रेड डॉट रात्रभर चालूच राहिला आणि सकाळी ठिपका नाही. किंवा भिंगावर चिखल उडाला. लक्ष्य लांब असेल तर आडोशाला जाऊन मागची साईट उभी करायला सवड मिळते. ते खोलीच्या पलीकडच्या टोकाला असेल तर मिळत नाही. अशा वेळी काच साफ आणि ठिपकाच फक्त गेलेला असेल, तर रेड डॉटच्या नळीतून बघायचं, उभी पोस्ट त्या गोलाच्या मधोमध आणायची आणि चाप ओढायचा. नळीचा गोलच मागच्या साईटचं काम करतो. खोलीभर अंतराला एवढी अचूकता पुरते. पुढची साईटही दुमडलेली असती तर त्या गोलात बघायला काहीच नसतं. फोल्डिंग साईट उभी करायला एक-दोन सेकंद लागतात हे खरं, पण आधी ती उभी करायची आठवण व्हावी लागते. पक्की साईट आठवणीवर अवलंबून नाही.

तिसरी गोष्ट रोजच्या तपासणीची. रेड डॉट योग्य उंचीवर बसवला असेल तर मागची साईट उभी करून बघितल्यावर ठिपका पोस्टच्या टोकावर किंवा ठरलेल्या जागी दिसतो. रात्रीत माऊंट हलला असेल तर गोळी न झाडता तिथेच कळतं. पोस्ट नळीवर पक्की असल्यामुळे दोघांत कोण हललं याबद्दल शंका राहत नाही.

याची किंमत एकच, नजरेत कायम एक पोस्ट. रेड डॉट भिंगाने मोठं करत नाही, म्हणून ती स्पष्ट दिसते. मला ही किंमत अगदी क्षुल्लक वाटते. नजर लक्ष्यावर असली की डोळ्याला पोस्टची सवय होते. डॉट थोडा उंच माऊंटवर घेतला की पोस्ट काचेच्या खालच्या तिसऱ्या भागात जाते आणि मधला भाग मोकळा राहतो.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण घरी जुळणी करणारे त्यात हमखास फसतात. सपाट पाठीच्या कार्बाईनची फोरसाईट जुन्या एम१६ पेक्षा साधारण १ मिलिमीटर उंच असते आणि तिच्यावर इंग्रजी 'एफ' अक्षर ठोकलेलं असतं. जुनी, बिनखुणेची फोरसाईट लावून मागे रेलवरची साईट बसवली, तर झिरो करताना पोस्ट वर वर काढत न्यावी लागते आणि कधीकधी ती पार टोकाला येते. फोरसाईटचा नियम उलटा आहे. गोळी खाली लागत असेल तर पोस्ट खाली घ्यायची, वर लागत असेल तर वर काढायची. बुटक्या फोरसाईटमुळे गोळ्या वर लागतात, म्हणून पोस्ट वर जात राहते. दोष मागच्या फोल्डिंग साईटवर येतो, असतो मात्र पुढच्या मापात.

उत्तर कुठे अपुरं पडलं

रेड डॉटपुरतं हे उत्तर बरोबर होतं. पुढे रायफलीवरच्या वस्तू बदलल्या.

४ पटींच्या एकॉगमधून बघितलं तर ती उंच फोरसाईट पोस्ट म्हणून दिसतच नाही, खालच्या भागात एक धूसर सावली तेवढी दिसते. त्रास नाही, पण उपयोगही संपला. दुर्बिणीच्या गोलात पोस्ट धरून झटपट नेम घेणं आता जमत नाही. १ ते ६ किंवा १ ते ८ पटींच्या दुर्बिणींत १ पटीवर पोस्ट मध्ये येते आणि पट वाढवत नेली की विरून जाते. म्हणजे जिथे दृश्य मोकळं हवं तिथेच ती दिसते.

त्याहून मोठं कारण हँडगार्डचं. एम४ ची फोरसाईट सुमारे ७ इंची हँडगार्डच्या लगेच पुढे असते. लेझर, टॉर्च आणि पुढचा हात यांना जागा हवी म्हणून लांब हँडगार्ड आले, नळीला कुठेही न टेकणारे, ज्याला फ्री-फ्लोट म्हणतात. मध्येच उभा त्रिकोण असेल तर असा हँडगार्ड पुढे जाणार कसा? डॅनियल डिफेन्सच्या रिस-२ हँडगार्डची एक आवृत्ती फोरसाईट वर येऊ देणारी खाच ठेवून बनवली गेली. खाच पाडून प्रश्न मिटवता येतो, पण वरची रेल तिथे तुटते. लेझरही असा बसवावा लागतो की त्याचा झोत फोरसाईटच्या बाजूने जाईल.

स्पेशल ऑपरेशन्सच्या यूआरजी-आय या नव्या वरच्या जुळणीत म्हणून पक्की फोरसाईट गेलीच. गाइसली कंपनीचा लांब हँडगार्ड, त्याच्या पोटात लपणारा बुटका गॅस ब्लॉक, वर सलग रेल. मरीन कोअरच्या एम२७ वरही दोन्ही साईट दुमडत्या आहेत.

आता फोरसाईट हँडगार्डवर गेली की तिचा एक फायदा सहज मिळतो. ती पार पुढच्या टोकाला नेता येते, दोन साईटमधलं अंतर वाढतं आणि वर सांगितलेलं मिलिमीटरचं गणित बाजूने फिरतं. पण एक नवी जबाबदारीही येते. नळीवरची साईट नळीबरोबर हलते, हँडगार्डवरची हँडगार्डबरोबर. पट्टा ताणून धरला, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) टेकवून भार दिला आणि हँडगार्ड केसभर वाकला, तर साईट हलली पण नळी तिथेच. डोळ्याला सगळं जुळलेलं दिसतं आणि गोळी भलतीकडे जाते. जुन्या रचनेत पट्ट्याचा ताण थेट नळीला वाकवायचा, तो दोष वेगळा. म्हणून फोल्डिंग फोरसाईट घेताना मी आधी साईट बघत नाही, हँडगार्ड रिसीव्हरला कसा आवळला आहे ते बघतो.

काहीजण दोन्हीच्या मधली वाट काढतात: रेल असलेला गॅस ब्लॉक आणि त्यावर फोल्डिंग फोरसाईट. कागदावर छान, पण दोन अडचणी. असे गॅस ब्लॉक बरेचदा रिसीव्हरच्या रेलपेक्षा बुटके असतात, म्हणून त्या उंचीसाठीच बनवलेली साईट हवी. दुसरं, गॅस ब्लॉक तापतो. मॅगपुलची एमबीयूएस ही पॉलिमरची लोकप्रिय साईट गॅस ब्लॉकवर लावू नका असं कंपनीच सांगते. तिथे धातूचीच साईट लागते.

आपल्याकडे तुलनेला इन्सास जवळची. पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही संस्था आहे, तिथे या रायफलची रचना झाली. तिच्या दोन्ही साईट पक्क्या, मागे २०० आणि ४०० मीटरसाठी उलटसुलट करायचं भोक. दुर्बीण हा अपवाद आणि आयर्न साईट (बिनकाचेची धातूची साईट) हाच नियम असताना बांधलेल्या रायफलला ते शोभतं. त्या रायफलवर घडलेल्या जवानाला 'जे दुमडतं ते कधीतरी बिघडतं' असं वाटणं स्वाभाविक आहे आणि ती शंका मी हलक्यात घेत नाही. पण ज्या रायफलवर मुख्य नेम काचेतून घ्यायचा आहे, तिथे आयर्न साईट वर्षातले बहुतेक दिवस झोपलेली असते. तिला झोपलेल्या अवस्थेतही मार सोसावा लागतो आणि उठल्यावर झिरो तोच लागतो. तिचा कस या दोन गोष्टींवर लावावा. शिवाय काचही सुधारली आहे: एमपॉईंटचा कॉम्पएम४ साध्या एए सेलवर ८ वर्षं चालतो असं कंपनी सांगते. बॅटरी संपण्याची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. काच फुटणं, धुकं धरणं, माऊंट सुटणं मात्र तसंच आहे.

भारतात ५.५६ ची रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे हा निर्णय प्रत्यक्ष घ्यायची वेळ येते ती अमेरिकेत राहणाऱ्या, रेंजवर जाणाऱ्या मराठी माणसावर. त्याच्या एआर-१५ ला कारखान्यातूनच पक्की फोरसाईट असेल, हँडगार्ड आखूड असेल आणि वर रेड डॉट असेल, तर मी पुढे काहीही कापायला सांगणार नाही. मागे धातूची, उभी राहिल्यावर अडकणारी फोल्डिंग साईट लावावी, 'एफ' ची खूण बघून घ्यावी, झालं. पट बदलणारी दुर्बीण आणि लांब हँडगार्ड घ्यायचा असेल तर फोरसाईट काढून बुटका गॅस ब्लॉक लावावा, आणि ते काम पिना काढायचा सराव असलेल्या बंदूक-कारागिराकडून करून घ्यावं. मग पुढची-मागची दोन्ही फोल्डिंग, एकाच कंपनीच्या, दोन्ही एकाच सलग उंचीच्या रेलवर.

बसवल्यावर २५ मीटरवर दुर्बीण काढून फक्त साईटवर झिरो करा. नंतर दोन्ही साईट खाली पाडा, उभ्या करा, पुन्हा पाडा, पुन्हा उभ्या करा आणि त्याच कागदावर दुसरा गट (सलग काही गोळ्या) मारा. मग पट्टा ताणून धरून तिसरा. दुसरा गट पहिल्यापासून सरकला असेल तर बिजागरी ढिली आहे, ती साईट परत करा. तिसराच सरकला असेल तर साईटला हात लावू नका, हँडगार्डचे स्क्रू तपासा.